सराव, सराव, सराव

आपला देश साथीच्या रोगाला तोंड द्यायला कितपत तयार आहे, हे देशानं दरवर्षी स्वतःलाच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं, अशी जगभरात पद्धत आहे. प्रश्न तेवढे बाहेरून येतात. नवा रोग ओळखायला प्रयोगशाळा आहे का, गावातली बातमी राजधानीपर्यंत किती वेळात पोहोचते, बंदरांवर आणि विमानतळांवर तपासणी होते का, असे. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे आता आणखी काय करायचं राहिलं! पेपर आधीच हातात, पुस्तक उघडं ठेवायला परवानगी, आणि तपासणारेही आपणच. चाळीसगावच्या माझ्या शाळेत अशी सोय असती, तर गणितापायी मी एवढा मार खाल्ला नसता.

देशाला प्रश्न आला की तो राज्याला विचारतो, राज्य जिल्ह्याला विचारतं, आणि आमच्या जिल्ह्यात हे विचारणं फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन थांबतं. मी धुळ्याला साथरोगांच्या कामावर असलेली डॉक्टर. कार्यालयाचं नेमकं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की खुलासा मागतात. डॉक्टर असले तरी मी कुणाला औषध देत नाही. कुठल्या गावात तापाचे किती, जुलाबाचे किती, कावीळ कुठे वाढली, ते आकडे गोळा करायचे आणि एखादा आकडा अचानक उडी मारतोय का यावर नजर ठेवायची, हे माझं काम. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही." त्यातल्या 'पण'चा मला आता राग येत नाही.

त्या वर्षी प्रश्नावली आली तेव्हा मी प्रामाणिकपणे बसून उत्तरं लिहिली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणजे आमच्या कार्यालयाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, शेतकरी घरातले, कुणाचं वाईट न करणारे आणि कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बंदराच्या प्रश्नासमोर 'नाही' असं का लिहिलंत?"

"साहेब, धुळ्याला बंदर नाही."

"ते मलाही माहीत आहे, मॅडम. पण 'नाही' लिहिलं की विचारतात, का नाही, कधी होणार. 'लागू नाही' लिहा."

मी लिहिलं. मग ते पुढे सरकले आणि 'आपत्कालीन प्रतिसाद' या ठिकाणी थांबले. तिथे मी दोन गुण दिले होते. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांना मिळून एक रुग्णवाहिका, आणि फोन करायचा तर लोकांना टेकडीवर चढावं लागतं, असं कारणही लिहिलं होतं.

"दोन लिहिले की वरून विचारणार, दोनच का? चार लिहिले की बघायला येणार, चार कसे काय? तीन लिहा. तीनला आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की वाद घालणं जमलं नाही. मी कोरोनाच्या काळात जळगावला होते. ज्या देशांनी स्वतःला चांगले घसघशीत गुण दिले होते, त्यांच्याही दवाखान्यांत तेव्हा खाट मिळत नव्हती, हे आम्ही टीव्हीवर बघत होतो. टीव्ही बंद करून आम्ही वेल्डिंगच्या दुकानांत जायचो आणि ऑक्सिजनचे सिलिंडर मागून आणायचो. दुकानदार द्यायचे. कुणी कुणाला गुण विचारले नाहीत. त्यानंतर मला गुणांचं फारसं काही वाटेनासं झालं. मी दोनचे तीन केले.

आणि तरीही ते बघायला आले.

स्वतः दिलेले गुण कितपत खरे आहेत हे तपासायला काही वर्षांनी परदेशी तज्ज्ञांचं एक पथक येतं. या खेपेला ते दिल्ली-मुंबई करून एक दिवस एखाद्या जिल्ह्यात काढणार होते, आणि तो जिल्हा आमचा ठरला. का, ते कुणी सांगितलं नाही. साहेबांचा अंदाज असा की धुळं हायवेवर आहे आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्यांना परत नाशिकला पोहोचवता येतं. पत्र वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "तीन लिहिले होते ना आपण?"

त्या रविवारी मी चाळीसगावला आबांकडे गेले. आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी रेल्वेत गेली, आता व्हरांड्यात बसून जंक्शनवरून येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुठली गाडी उशिरा आहे ते सांगतात. घरात ते अहिराणीच बोलतात. मी पथकाचं सांगितल्यावर ते हसायला लागले.

"आमनाकडे मोठा साहेब येवाना व्हता, तवय आम्ही रुळाजोडेना दगडसले चुना लावेल व्हता. बठ्ठा दगड पांढरा. साहेब खूश."

"सगळ्या दगडांना चुना! आणि मग?"

"मंग काय? दगड तयार व्हतात. गाडी लेट व्हती."

आमच्याकडे चुना लावायचं काम सोमवारपासून सुरू झालं. जिल्ह्याला 'आपत्कालीन कार्यकक्ष' असायला हवा, आणि तो असल्याचं आम्ही लिहून दिलेलं होतं. म्हणून मागची अडगळीची खोली रिकामी केली. फाटक्या मच्छरदाण्या, धुराची बंद पडलेली यंत्रं आणि कडा कुरतडलेली जुनी पोस्टरं निघाली. भिंतींना रंग दिला, एक मोठा फळा लावला, टेलिफोन आणून ठेवला. अशा खोल्यांत ओळीनं घड्याळं असतात आणि त्यांच्याखाली शहरांची नावं असतात, हे साहेबांनी कुठल्याशा फोटोत पाहिलं होतं. त्यांनी तीन घड्याळं लावायला सांगितली. मी फील्डवर होते. परत येऊन बघते तर भिंतीवर तीन घड्याळं आणि खाली सुबक अक्षरांत पाट्या: दिल्ली, मुंबई, धुळे. तिन्हींत एकच वेळ. साहेबांना मी ते दाखवलं. ते घड्याळांकडे पाहत म्हणाले, "राहू द्या. चुकीची वेळ तर दाखवत नाहीत ना?"

पाहुण्यांना नुसती खोली दाखवून भागणार नव्हतं. संकट आल्यावर आम्ही काय करतो तेही दाखवायचं होतं. म्हणजे एका खोट्या साथीची रंगीत तालीम. जागा ठरली पिंपळनेरच्या बाजूचं एक छोटं सरकारी रुग्णालय, आणि नाटक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: सुरतेहून परतलेला एक मजूर, अनोळखी ताप, घरच्यांना लागण, टेलिफोन, पथक रवाना, रुग्ण रुग्णवाहिकेत, नमुने प्रयोगशाळेत. नर्सिंग कॉलेजच्या मुली रुग्ण झाल्या. अत्यवस्थ रुग्णाच्या भूमिकेसाठी त्यांच्यात एवढी चुरस लागली की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. जिच्या नावाची चिठ्ठी निघाली ती पोरगी इतकी सुंदर कण्हायची की पहिल्या तालमीला शिपायानं धावत जाऊन तिला पाणी आणून दिलं.

अशा तालमीचा एक कडक नियम असतो. खोटी बातमी खरी समजून गोंधळ उडू नये म्हणून प्रत्येक निरोपाच्या आधी तीनदा म्हणायचं: सराव, सराव, सराव. फोनवर बसवलेल्या आरोग्य सहायकाला मी ते इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तो बायकोच्या फोनलाही तसंच म्हणायला लागला. नियमाची दुसरी बाजू माझ्या डोक्यातच आली नाही. सरावाच्या दिवशी खरी बातमी आली तर तिच्या आधी काय म्हणायचं?

पथक ठरलेल्या दिवशी आलं. ऊन मी म्हणत होतं. पाहुण्यांनी आधी धुळ्यातला कार्यकक्ष पाहिला. त्यांच्यातल्या एका बाईंनी तिन्ही घड्याळांवरून सावकाश नजर फिरवली आणि स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. माझ्याच वयाच्या, एका लहानशा डोंगराळ देशातून आलेल्या, पायात मळके बूट. पथकातले बाकीचे धुळ्यातच कागदपत्रं बघत थांबले. या बाई आणि राज्याचे एक अधिकारी आमच्याबरोबर सराव बघायला पिंपळनेरच्या बाजूला आले.

सराव सुरू झाला आणि नेहमीपेक्षा बरा चालला. रुग्णालयाच्याच फोनवर निरोप आले, तिथे बसवलेल्या सहायकानं ते टिपले, सरावासाठी लावलेल्या फळ्यावर बाण काढले गेले. बाई माझ्या शेजारी उभ्या राहून मान डोलवत होत्या. मग फोन पुन्हा वाजला. सहायकानं उचलला, ऐकलं आणि विचारलं, "सराव का?" पलीकडून काहीतरी ओरडल्याचा आवाज आला. तो न डगमगता म्हणाला, "पथक रवाना झालं आहे," आणि फोन ठेवला. नाटकात त्याचं ते वाक्यच होतं. दोन मिनिटांत फोन पुन्हा वाजला. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा "पथक रवाना झालं आहे."

"छान," बाई इंग्रजीत मला म्हणाल्या. "फोन करणारी घाबरलेली आहे हे तुम्ही फार खरं दाखवलंय."

मी सहायकाच्या वहीत डोकावले. त्यानं एका पाड्याचं नाव आणि फोन आलेला नंबर लिहिला होता. नाटक मी लिहिलेलं, त्यातला प्रत्येक फोन मला पाठ होता. हा पाडा त्यात कुठेच नव्हता.

मी तोच नंबर लावला. फोन त्या भागातल्या उपकेंद्राच्या नर्सनं घेतला. तिला सगळे अक्का म्हणतात. माझा आवाज ऐकताच तिचा बांध फुटला.

"मॅडम, तुमना मानोस माले इचारस, पेशंट खरा शे का खोटा! आठे बठ्ठासले उलट्या-जुलाब व्हई ऱ्हायनात. दोन जनी तर उठी नही ऱ्हायन्यात. मी टेकडीवर चढीसन फोन करस, आनि तो म्हनस पथक निंघनं. कोठे शे पथक?"

"अक्का, पाणी कुठलं पितात?"

"पाइप फुटेल शे ना. झिरानंच पानी पेतस बठ्ठा." नाल्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणतात आणि त्यात झिरपून येतं ते पाणी.

मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. अंगणात रुग्णवाहिका दार उघडून उभी होती, आत आमची अत्यवस्थ रुग्ण डोळे मिटून पडली होती, आणि राज्याचे अधिकारी मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत होते.

"अर्धा तास," साहेब कुजबुजले. "गाडी फाटकाबाहेर गेलेली एवढी दाखवू या. मग लगेच सोडू."

"साहेब, ती गाडी तिकडे पाहिजे. आत्ता."

ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार, आणि मग मी काय करणार हे मला माहीत नव्हतं. पण ते वळले, सरळ रुग्णवाहिकेपाशी गेले आणि आत वाकून म्हणाले, "बेटा, ऊठ."

मुलीनं डोळे उघडले नाहीत. कुणी काहीही म्हणालं तरी उघडायचे नाहीत, असं तिला मीच बजावून ठेवलं होतं. उलट ती जास्तच कण्हली.

"अगं ऊठ, सराव संपला!"

तिनं एक डोळा किलकिला केला. "सर, हे पण सरावातच आहे का?"

बाई माझ्याकडे आल्या. काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "हे नाटकात आहे?" मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी हातातलं पॅड पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "मग मीही येते." राज्याच्या अधिकाऱ्यांनी मोबाइल खाली घेतला आणि अत्यंत अदबीनं सांगितलं की पाड्याची भेट कार्यक्रमपत्रिकेत नाही. बाई तोवर जीपमध्ये बसल्या होत्या.

खोट्या साथीसाठी मांडलेलं सगळं आम्ही खऱ्या साथीसाठी उचललं. सलाइनच्या बाटल्या, सुया, जीवनरक्षक क्षारांची पाकिटं, हातमोजे. रुग्ण झालेल्या मुलींनी कपाळावर रंगवलेला खोटा घाम पुसला आणि त्या नर्स होऊन गाडीत चढल्या. घाईत एक गोष्ट राहिली. सलाइन टांगायचे स्टँड पाहुण्यांना दिसावेत म्हणून व्हरांड्यात नंबर लावून एका रांगेत उभे केले होते. ते तसेच दिमाखात उभे राहिले.

पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. शेवटचा चढ पायी चढलो. शाळेच्या ओट्यावर, मोहाच्या झाडाखाली, जिथे सावली होती तिथे माणसं आडवी झाली होती. अक्का एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन एकेकाला साखरमिठाचं पाणी पाजत होती. आम्हाला बघून तिनं हनुवटीनं ओट्याच्या कोपऱ्याकडे खूण केली. तिथे एक तरुण बाई पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, तान्हं पोर शेजारी रडत होतं आणि तिला ते ऐकू येत नव्हतं.

मुली दुसऱ्या रुग्णांकडे गुंतल्या होत्या. सुई माझ्या हातात होती. मी किती वर्षांत कुणाला सलाइन लावलं नव्हतं! मी आकडे बघणारी डॉक्टर. हाताची शीर सापडेना. एकदा टोचलं, फुकट गेलं. दुसऱ्या हाताला टोचलं, तेही फुकट. घाम डोळ्यांत उतरत होता. बाईची सासू माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि तिला माझ्याबद्दल काय वाटत असेल ते मला कळत होतं. मग शिकताना कुणीतरी सांगितलेलं आठवलं आणि मी घोट्यापाशी शीर शोधली. तिथे रक्त आलं. नळी जोडली, पाणी सुरू झालं, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

बाटली टांगायला काही नव्हतं. त्या परदेशी बाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि डोक्याच्या वर धरून उभ्या राहिल्या. एक हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. बाकी बाटल्या आम्ही खिडकीच्या गजांना आणि मोहाच्या फांद्यांना बांधल्या. अत्यवस्थ रुग्ण झालेली मुलगी एका म्हाताऱ्याला क्षारांचं पाणी पाजत होती. तो तोंड फिरवत होता आणि ती त्याला रागावत होती, "बाबा, प्या गुपचूप, नाहीतर सुई टोचेन." तिच्या आवाजात कण्हण्याचा मागमूस नव्हता.

पहिली बाटली संपत आली तेव्हा त्या बाई मला म्हणाल्या, "आमच्या देशानं स्वतःला चार दिले होते."

"कशात?"

"यातच. आपत्कालीन प्रतिसाद. आणि मग कोरोना आला. आमच्या राजधानीतल्या मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी होती, पण तिच्यात ऑक्सिजन भरायची गाडी डोंगर उतरून शेजारच्या देशातून यायची. सीमा बंद झाली."

"चार कुणी लिहिले होते?"

"मी," त्या म्हणाल्या आणि बाटली डाव्या हातात घेतली. "नंतर मला इथे घेतलं, दुसऱ्या देशांचे गुण तपासायला. म्हणाले, तुम्हाला अनुभव आहे."

मी हसले. त्याही हसल्या. सलाइन लावलेल्या बाईची सासू आमच्याकडे बघून चिडली. माझी सून मरायला टेकलीय आणि या दोघी दात काढतायत, असं ती पाड्यावरच्या, मला न कळणाऱ्या बोलीत म्हणाली असावी.

उन्हं कलली तेव्हा सलाइन लावलेल्या त्या बाईनं डोळे उघडले आणि पोराला मागितलं. अक्कानं ते तिच्या कुशीत दिलं आणि पहिल्यांदा खाली बसली. दोन जणांना आम्ही रुग्णवाहिकेतून धुळ्याला हलवलं. झिऱ्यात जंतुनाशक टाकलं, टँकर मागवला. साहेब स्वतः दुपारभर तळपत्या उन्हात टेकडीवर उभे राहून, रेंज टिकावी म्हणून हलायचंही नाही असं ठरवून, पाणीपुरवठ्याच्या माणसांशी भांडत होते. मी त्यांना कधी कुणाशी भांडताना पाहिलं नव्हतं. पाड्यातलं कुणी गेलं नाही. धुळ्याला नेलेले दोघंही आठवडाभरात आपल्या पायांनी चढ चढून घरी आले.

मला त्या संध्याकाळी काय वाटलं ते सांगायचं तर, लाज वाटावी इतका आनंद झाला होता. जीपमध्ये बाई झोपल्या होत्या, त्यांच्या बुटांवर आमच्याकडची धूळ होती, आणि मला वाटत होतं की आता काय लिहायचं ते लिहोत, यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.

अहवाल काही महिन्यांनी आला. फार देखणा होता, मुखपृष्ठावर हसरी मुलं होती. आमच्या जिल्ह्यापुरता मजकूर थोडका. कार्यकक्ष सुसज्ज असून तेथे घड्याळांची व्यवस्था आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुढे: 'आपत्कालीन सराव मध्येच थांबवण्यात आला. अपूर्ण सरावाचे मूल्यमापन करता आले नाही. सराव अधिक वारंवार आणि पूर्णत्वास जाईपर्यंत घ्यावेत अशी शिफारस आहे.' पाड्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तो कार्यक्रमपत्रिकेतच नव्हता ना.

साहेबांनी अहवाल तीनदा वाचला. "आपत्कालीन प्रतिसादाला दोन दिलेत," ते म्हणाले. थोड्या वेळानं: "मॅडम, तुम्हीही दोनच लिहिले होते, नाही का? म्हणजे उत्तर बरोबर होतं तुमचं." आणि ते खदखदून हसले. निवृत्तीच्या आधी त्यांना एवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या बाईंचा निरोपही आला. त्यांनी लिहिलं होतं की पाड्याविषयी त्यांनी एक पान लिहून दिलं होतं. पथकातल्या सगळ्यांनी ते वाचलं, सगळ्यांना आवडलं. पण ते कुठल्या प्रश्नाच्या उत्तरात घालायचं, यावर एकमत होईना. प्रयोगशाळेच्या प्रश्नात बसत नव्हतं, बंदराच्या तर नाहीच. शेवटी वेळ संपली आणि ते पान गळालं. त्यांनी त्याबद्दल माझी माफी मागितली होती. खाली लिहिलं होतं, पुढच्या महिन्यात आमच्या देशाची तपासणी आहे, आणि मला सराव लिहायला सांगितलाय. काही सूचना असतील तर कळवा. मी कळवलं: फोनवर माणूस असा बसवा की ज्याला सगळं पाठ नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचे नमुने घ्यायला मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. अक्का बरोबर होती. ओट्यावरच्या त्या बाईनं आम्हाला हाक मारून घरात नेलं आणि काळा चहा ठेवला. तिचं पोर आता भिंतीला धरून उभं राहत होतं. सासूनं मला ओळखलं. माझ्या हाताकडे आणि मग सुनेच्या घोट्याकडे बोट दाखवून तिनं शेजारणीला काहीतरी सांगितलं, आणि दोघी हसल्या.

चहा ओतताना सुनेनं अहिराणीत विचारलं, "त्या दिशी ती परदेशी बाई काय बघाले येल व्हती?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मोठी साथ आली तर आपला देश तयार आहे का, हे बघायला आली होती.

"मग शे का तयार?"

अक्का माझ्याकडे बघायला लागली. तिलाही उत्तर ऐकायचं होतं. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, पाइप दुरुस्त झाला का?

"व्हयना. एक दिवसआड येस पानी," सून म्हणाली.

"आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी?"

तिनं नाल्याकडे हात केला.

मी अक्काला म्हटलं, नळाचा नमुना घेतलाय, आता झिऱ्याचाही घेऊ. आम्ही तिघी नाल्यात उतरलो. खड्ड्याभोवती कुणीतरी दगड रचले होते, वर फळी टाकली होती. बाईनं फळी सरकवली, मी बाटली बुडवून भरली, झाकण घट्ट लावलं आणि वर पाड्याचं नाव लिहिलं. प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत धुळ्याला पोहोचायचं होतं, म्हणून चहाचा दुसरा कप न घेताच आम्ही उताराला लागलो.